बायकोसाठी मोत्यांचा हार घेताय? मग या चुका टाळा

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला मी हैदराबादला गेलो होतो तेव्हा चारमिनारजवळच्या पत्थरगट्टीतून बायकोसाठी मोत्यांचा सर आणला, चांगला 28 इंची, टपोऱ्या मोत्यांचा, आणि तिने तो जेमतेम दोनदा घातला. मोती खरे होते, भावही वाजवी होता, पण घेताना मी फक्त ट्रे बघत होतो, ती काय घालते हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, सरप्राइजच्या नादात तिचा दागिन्यांचा डबा न बघणं. तिला गळ्याबरोबरचं आवडतं की लांब, पैठणीवर घालणार की ऑफिसला कुर्त्यावर? पैठणीवर घालायचं असेल तर तिच्या मनात तन्मणी किंवा चिंचपेटी असू शकते आणि आपण साधा एकपदरी सर घेऊन येतो, माझंही तेच झालं, तिला तिच्या आईसारखा खोडाचा, म्हणजे मधे पदक असलेला, तन्मणी हवा होता हे मला नंतर कळलं. तिच्या आवडत्या हाराचं माप दोऱ्याने घेऊन ठेवा. 16 इंच म्हणजे साधारण गळ्याबरोबर, 18 इंच गळ्याच्या हाडाखाली येतो आणि बहुतेक कपड्यांवर चालून जातो.

दुसरं म्हणजे मोठा मोती म्हणजे भारी मोती असं धरून चालणं. आधी चमक बघा. दुकानातल्या पिवळ्या लाइटखाली सगळंच छान दिसतं म्हणून सर दाराशी उजेडात न्या, मोत्यात खिडकीचं प्रतिबिंब रेखीव दिसलं तर चमक चांगली, खडूसारखा पांढरा मख्ख दिसला तर ठेवून द्या. मग सपाट टेबलावर सर हळू गडगडवून बघा, एखादा मोती डोलत असेल तर तो नीट गोल नाही किंवा भोक मध्यावर नाही.

आता खरं-खोटं. दोन मोती एकमेकांवर हलकेच घासले तर खरे किंचित खरखरीत लागतात, काचेचे नि प्लास्टिकचे गुळगुळीत सरकतात. पण यातून नैसर्गिक की कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम तयार करवलेला, हे कळत नाही, त्याला लॅबचा एक्स-रेच लागतो. आणि कल्चर्ड म्हणजे खोटा नव्हे हो! जपानमध्ये कोकिची मिकिमोटो या उद्योजकाने 1893 मध्ये असा अर्धगोल मोती शिंपल्यात तयार करून दाखवला आणि आज दुकानात मिळतात ते जवळपास सगळे कल्चर्डच असतात, त्यामुळे कोणी स्वस्तात ‘अस्सल बसरा’, म्हणजे आखातातला नैसर्गिक मोती, देतोय म्हटलं तर लॅब रिपोर्ट मागा. ‘ट्रिपल ए’ ऐकूनही भुलू नका, ती ग्रेड प्रत्येक दुकानाची आपापली असते. हॉलमार्क हार अडकवायच्या सोन्याच्या फाशाचा, मोत्यांचा नाही. बिलावर फ्रेशवॉटर (गोड्या पाण्यातला) की अकोया (समुद्री शिंपल्यातला), कल्चर्ड, किती मिलिमीटर, सगळं लिहून घ्या.

प्रत्येक दोन मोत्यांमध्ये गाठ आहे का हे बघायला लोक हमखास विसरतात. गाठ असली की मोती एकमेकांवर घासत नाहीत आणि दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो, नाहीतर भर लग्नात खुर्च्यांखाली मोती शोधत बसायची वेळ येते.

हार देताना वापरायचं कसं तेही सांगा. मोती फार नाजूक, अ‍ॅसिडने आणि घामाने त्याची चमक जाते, म्हणून परफ्यूम, हेअरस्प्रे आधी आणि हार सगळ्यात शेवटी, काढल्यावर मऊ ओलसर कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यायचा. हवाबंद प्लास्टिकच्या पिशवीत नको, मऊ कापडात आडवा ठेवायचा, टांगला की दोरा ताणतो.

आणि आधीच चुकीचा घेऊन बसला असाल तर परत करता येत नाही म्हणून कपाटात टाकू नका. दोरा सैल झालाय, गाठी नाहीत, लांबी जास्त आहे, हे सगळं नीट गाठवून देणाऱ्याकडे दुरुस्त होतं, आखूड असेल तर मागे साखळी लावून मिळते, फक्त मोती मोजून, फोटो काढून द्या. मी आमचा सर 18 इंचांचा करून घेतला, उरलेल्या मोत्यांचं ब्रेसलेट झालं आणि ते ती आता रोज ऑफिसला घालते. तन्मणीचं खोड मात्र तिनेच पसंत केलं, मी फक्त बरोबर गेलो होतो.