एकट्या आयटी ॲडमिनने आधी काय हातात घ्यावं

रत्नागिरीच्या एमआयडीसीत, लोट्याला, महाडला किंवा कुडाळला एखाद्या कंपनीत ‘आयटी बघायला’ रुजू होणाऱ्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मोठ्या शहरांतल्या मोठ्या कंपन्यांत सुरक्षेसाठी वेगळी माणसं असतात. इकडे बहुतेक ठिकाणी तुम्ही एकटे. प्रिंटर अडकला तरी तुम्हाला हाक, सीसीटीव्ही बंद पडला तरी तुम्हाला, आणि सकाळी सर्व्हरवरच्या सगळ्या फायली लॉक झालेल्या दिसल्या तरी तुम्हालाच. मी आधी एका मासळी प्रक्रिया कारखान्यात हे काम केलं, आता काही पतसंस्था आणि आंबा-काजू निर्यातदारांचं बघते. माझं मत पक्कं झालंय की एकट्या माणसाला प्रत्येक हल्ला अडवता येत नाही. म्हणून पहिलं वर्ष दोनच कामांना द्यावं. आत शिरायच्या वाटा कमी करायच्या, आणि सगळं गेलं तरी धंदा दोन-तीन दिवसांत पुन्हा चालू होईल अशी तयारी ठेवायची.

पहिल्या आठवड्यात मालकांना काहीही विकत घ्यायला सांगू नका. वही घ्या आणि फिरा. प्रत्येक यंत्र कुठे आहे, कशासाठी आहे, त्यावर कुठलं विंडोज आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, हे लिहून काढा. सीआयएस कंट्रोल्स नावाची जगभर वापरली जाणारी कामांची यादी आहे, तिची पहिली दोन कलमंही हीच आहेत: यंत्रांची नोंद आणि सॉफ्टवेअरची नोंद. त्या यादीत छोट्या संस्थांसाठी आयजी-१ असा गट आहे, आठव्या आवृत्तीत त्यात ५६ कामं आहेत. एकट्या माणसाने तेवढीच डोळ्यांसमोर ठेवावीत.

फिरताना काय सापडतं ते सांगते. गेटवरच्या वजनकाट्याला जोडलेला जुना संगणक, त्यावर विंडोज ७, कारण काट्याचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही. विंडोज ७चे अपडेट १४ जानेवारी २०२०ला थांबले, विंडोज १०चा नेहमीचा आधारही १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. काट्याचा संगणक लगेच बदलता येत नसेल तर त्याचं इंटरनेट बंद करा आणि त्याला वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, टाका. सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारा डीव्हीआर सापडेल, कंपनीतून आला तोच पासवर्ड अजून असलेला. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) अशाच कॅमेऱ्यांची आणि राऊटरांची फौज उभी करून मोठमोठ्या वेबसाइट बंद पाडल्या होत्या. आणि निम्म्या संगणकांवर एनीडेस्क हे दुरून संगणक चालवायचं सॉफ्टवेअर सापडेल, कुणा ना कुणा विक्रेत्याने ‘पुढच्या वेळी सोपं पडेल’ म्हणून कायमचा पासवर्ड घालून ठेवलेलं. ते सगळं काढा. विक्रेत्याला लागेल तेव्हा तुमच्यासमोर चालू करून द्या.

राऊटरचं एक पान

मला एकच तपासणी करायला मुभा असेल तर मी राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडेन. बाहेरून येणारं कनेक्शन कुठल्या पोर्टवरून, म्हणजे दारातून, आत कुठे वळवायचं ते तिथे लिहिलेलं असतं. एका पतसंस्थेत ते उघडलं तर ३३८९ हा पोर्ट थेट सर्व्हरकडे वळवलेला होता. एका संचालकांना मुंबईहून हिशेब बघायचा होता, म्हणून कुणीतरी रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुरून संगणक चालवायची विंडोजची सोय, या पोर्टवरून असा जगाला उघडा करून दिला होता. सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी लॉग, म्हणजे लॉगइनच्या नोंदी, काढला. ४६२५ हा फसलेल्या लॉगइनचा क्रमांक. तो फिल्टर लावला आणि स्क्रीन भरून गेली. दर काही सेकंदांना एक प्रयत्न: administrator नावाने, मग admin, मग user, test, accounts, आणि मग tally.

ते बघून सोबतचे मॅनेजर म्हणाले, “अहो, आपल्याला कोण ओळखतं एवढं?” कुणी ओळखत नाही, तशी गरजही नसते. हल्लेखोरांची ही यंत्रं इंटरनेटवरचा प्रत्येक पत्ता आळीपाळीने चाचपतात, त्यांना गाव माहीत नसतं. पोर्टचा आकडा बदलूनही फरक पडत नाही, नवा आकडा लवकरच सापडतो. तो पोर्ट त्याच दिवशी बंद केला, संचालकांच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतचा बंदिस्त मार्ग, बसवला, त्याला फोनवरच्या कोडची जोड दिली. मग चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होईल असं धोरण लावलं. खर्च जवळपास काही नाही. फक्त संचालकांना रोज एक बटण जास्त दाबावं लागतं, आणि ते त्यांना का दाबायचं हे त्या लॉगच्या स्क्रीनवरच पटलं. नव्याने लागलेल्यांना मी म्हणूनच सांगते की लॉग वाचायला शिका. वरिष्ठांसमोर तुमच्या शब्दापेक्षा लॉगचं वजन जास्त पडतं.

ॲडमिनचा पासवर्ड रोजच्या कामाला वापरू नका

हा मुद्दा समजायला आपल्याच किनाऱ्यावरचं उदाहरण आहे. २७ जून २०१७ला नॉटपेट्या हा मालवेअर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला. काही तासांत मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरातलं नेटवर्क बसलं, आणि उरणजवळ न्हावा-शेव्याच्या बंदरात त्या समूहाची कंपनी चालवत होती ते कंटेनर टर्मिनलही ठप्प झालं. ज्या त्रुटीतून तो पसरत होता तिचा पॅच (दुरुस्तीचं अपडेट) मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७लाच दिलेला होता. पण त्याची दुसरी चाल जास्त घातक होती. तो संगणकाच्या मेमरीतून लॉगइनची माहिती उचलायचा आणि तीच वापरून शेजारच्या, पॅच लावलेल्या संगणकावरही शिरायचा. एखाद्या साध्या संगणकावर डोमेन ॲडमिनने, म्हणजे सगळ्या संगणकांवर अधिकार असलेल्या खात्याने, लॉगइन केलेलं असलं की सगळं नेटवर्क त्याच्या हातात. मर्स्कला ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले, असं कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे जाहीरपणे सांगितलं.

तुमच्याकडे संगणक पंधरा असोत की पन्नास, नियम तोच. तुमची दोन खाती हवीत, रोजचं साधं आणि ॲडमिनचं वेगळं. अकाउंट्सचा संगणक दुरुस्त करायला डोमेन ॲडमिन वापरायचं नाही. प्रत्येक संगणकाचा लोकल ॲडमिनचा (त्या संगणकापुरत्या ॲडमिन खात्याचा) पासवर्ड वेगळा असावा. डोमेन (सगळ्या संगणकांची खाती एकाच ठिकाणाहून सांभाळायची विंडोजची व्यवस्था) असेल तर विंडोजमध्येच असलेलं लॅप्स हे काम आपोआप करतं. कर्मचाऱ्यांना ॲडमिनचे अधिकार देऊ नका, मालकांनाही नको. पॅचबद्दल फार लिहीत नाही: महिन्यातून एक संध्याकाळ ठरवा आणि ती चुकवू नका.

बॅकअप: पूर, वादळ आणि रॅन्समवेअर

मर्स्कचे डोमेन कंट्रोलर (सगळी खाती सांभाळणारे सर्व्हर) सगळीकडचे पुसले गेले, फक्त घानातल्या ऑफिसातला एक वाचला, कारण हल्ल्याच्या वेळी तिथली वीज गेली होती. नेटवर्कपासून तुटलेली एक प्रत किती मोलाची असते ते यावरून कळावं.

तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, हा जुना नियम सगळे शिकवतात. कोकणात तो का लागतो ते मात्र इथे राहूनच समजतं. २२ जुलै २०२१ला चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत घुसलं आणि तळमजले बुडाले. ज्यांचा सर्व्हर आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावात हवी. आता उलटी बाजू बघा. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ आलं तेव्हा श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडे कित्येक दिवस वीज नव्हती, मोबाइलचे टॉवर आडवे झाले होते. क्लाउडवरची प्रत सुखरूप असली तरी ती उतरवून घ्यायला नेटच नव्हतं. म्हणून एक प्रत हाताशीही हवी, उंचावर, कोरड्या जागी. आणि रॅन्समवेअर, म्हणजे फायली लॉक करून खंडणी मागणारा मालवेअर, त्याला लिहिता येईल अशा प्रत्येक डिस्कवर लिहितो, म्हणून एक प्रत तारेतून काढून ठेवलेली हवी. तीन संकटं, तिन्हींची मागणी वेगळी. एकाच प्रकारचा बॅकअप विकणारा तुम्हाला हे सांगणार नाही.

याहून मोठी गोष्ट म्हणजे बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे परत उतरवून, बघणं. एका ठिकाणी बॅकअपचा प्रोग्राम रोज रात्री ‘यशस्वी’ असा मेल पाठवायचा आणि सगळे निश्चिंत होते. मी एका रिकाम्या संगणकावर तो डेटा उतरवला, टॅली उघडलं आणि अकाउंट्सच्या ताईंना म्हटलं, काल शेवटचं कुठलं व्हाउचर टाकलंत ते दाखवा. व्हाउचर सापडेना. शेवटची नोंद मार्चअखेरची. टॅलीत प्रत्येक कंपनीचा डेटा आकडी नावाच्या फोल्डरमध्ये बसतो. नव्या आर्थिक वर्षात डेटा स्प्लिट केला (वर्षानुसार वेगळा केला) की नवा आकडा मिळतो. बॅकअपला मात्र जुन्याच फोल्डरचा मार्ग दिलेला होता, आणि तो इमानाने रोज तोच जुना डेटा उचलत होता. तेव्हापासून मी सगळीकडे एकच पद्धत ठेवली आहे: दर महिन्याला रिस्टोअर, आणि तपासायला माझ्यासोबत तो डेटा रोज हाताळणारी व्यक्ती. तुम्हाला फाइल उघडलेली दिसते, त्यातलं काय गायब आहे ते तिलाच दिसतं.

विजेचंही इथेच सांगते, कारण बंद पडलेलं नेटवर्क हाही सुरक्षेचाच प्रश्न आहे. दोन इमारतींमध्ये तांब्याची लॅन केबल टाकलेली असेल तर मे महिन्यातल्या किंवा परतीच्या पावसातल्या एका विजेने दोन्ही टोकांचे स्विच जळतात. तिथे फायबर टाका. अर्थिंग पावसाळ्याआधी इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, जांभ्याच्या कातळात ते उन्हाळ्यात कमजोर होतं. समुद्राजवळ असाल तर कनेक्टर हिरवे पडतात, ते बदलत राहा.

माणसं

फसवणुकीचे मेल वर्षभर येतात, पण हंगामात त्यांची धार वाढते. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या ऑफिसात कुणाला श्वास घ्यायला वेळ नसतो. नेमका तेव्हा एखाद्या पुरवठादाराच्या नावाने मेल येतो की आमचं बँक खातं बदललंय, पुढचे पैसे या खात्यात पाठवा. पत्त्यात एम या अक्षराऐवजी आर आणि एन शेजारी शेजारी. घाईत डोळ्याला कळत नाही. यावर तंत्रज्ञानापेक्षा एक नियम जास्त कामाचा आहे: खातं बदललं म्हणणाऱ्याला आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेलमधल्या नंबरवर नाही. हा नियम मालकांच्या सहीने भिंतीवर लावा, म्हणजे क्लार्कला साहेबांची घाई नाकारता येते. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जायची शक्यता जास्त. तुमच्या स्वतःच्या मेलच्या डोमेनला (पत्त्यातल्या @ नंतरच्या नावाला) एसपीएफ, डीकिम आणि डीमार्क या मेल खरा कुणाचा ते पडताळणाऱ्या नोंदी लावून घ्या, नाहीतर तुमच्या नावाने कुणीही मेल धाडेल.

आणि कुणावर ओरडू नका. एका ताईंचा फोन आला, “अगं, मी त्या लिंकवर पासवर्ड टाकला वाटतं. आत्ताच.” त्या आत्ताच म्हणाल्या म्हणून सगळं निभावलं. त्यांना लॅनची केबल काढायला सांगितली, संगणक चालूच ठेवायला सांगितला, कारण बंद केला तर मेमरीतला पुरावा जातो. दुसऱ्या संगणकावरून पासवर्ड बदलला, सगळीकडचं लॉगइन तोडलं, आणि मेलबॉक्सचे नियम तपासले. तिथे एक नवा नियम तयार झालेलाच होता: ‘पेमेंट’ शब्द असलेला मेल आला की तो आरएसएस फीड्सच्या फोल्डरमध्ये हलवायचा, जिथे कुणी कधी बघत नाही. पासवर्ड बदलून थांबलो असतो तर तो नियम तसाच राहिला असता. त्या ताई रागावण्याच्या भीतीने संध्याकाळपर्यंत गप्प बसल्या असत्या तर काय झालं असतं, याचा विचार करा आणि मग ऑफिसात कसं बोलायचं ते ठरवा.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेचे २८ एप्रिल २०२२चे निर्देश एकदा नीट वाचा. ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या आहेत, लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, आणि घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवायची आहेत. घड्याळाची बाब क्षुल्लक वाटते, पण वीज वारंवार जाते तिथे जुन्या डीव्हीआरची वेळ भरकटते आणि मग लॉगची सांगड लागत नाही.

शिकायचं म्हणाल तर नेटवर्किंगचा पाया पक्का करा, लिनक्सची भीती घालवा, घरी जुन्या संगणकावर व्हर्च्युअल मशीन (संगणकातला संगणक) टाकून वायरशार्क या सॉफ्टवेअरने नेटवर्कवरून जाणारी पॅकेट बघा. सर्टिफिकेट नंतर घ्या. ऑफिसच्या नेटवर्कवर स्कॅनर चालवण्याआधी मात्र लेखी परवानगी घ्या. परवानगीवाचून केलेली घुसखोरी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६मध्ये येते, हेतू चांगला होता हे सांगत बसावं लागू नये. मालकांकडे पैसे मागताना फायरवॉलच्या मॉडेलचं नाव घेऊ नका. भर हंगामात तीन दिवस बिलं निघाली नाहीत तर किती जातील, हा आकडा त्यांच्याकडूनच काढून घ्या.

गणपतीला सगळं कोकण सुट्टीवर असतं आणि तुम्हीही असाल. जाण्यापूर्वी एक बंद पाकीट तिजोरीत ठेवा: राऊटर, सर्व्हर आणि बॅकअपचे पासवर्ड, डिस्क कुठे आहे, इंटरनेट देणाऱ्याचा फोन, आणि काही विचित्र दिसलं तर कुठली केबल आधी काढायची. त्या केबलला लाल टेप लावा, आणि वॉचमन काकांना ती प्रत्यक्ष दाखवून ठेवा.