घरात पाऊल टाकण्याआधी

दादरहून फास्ट लोकलने घाटकोपरला उतरले की मी लगेच घर गाठत नाही. फलाटावरच्या बाकावर दोन मिनिटं टेकते. दात आवळलेत का? खांदे वर चढलेत का? असतील, तर दिवसभराचा राग अजून अंगात आहे. तो उंबऱ्याबाहेर ठेवायचा. एकदा दारातूनच लेकीवर ओरडले, "तू नेहमीच पसारा करतेस!" तिने सोफ्यावरची ओढणी उचलली, घडी न घालता उराशी धरली आणि आत गेली. जेवलीही नाही त्या रात्री.

"तू नेहमी" हे दोन शब्द तेव्हापासून सोडले. काय दिसतंय, मला काय होतंय, काय हवंय, एवढंच बोलायचं: "सोफ्यावर कपडे आहेत, मी फार दमलेय, जेवणाआधी उचलशील का?"

ऐकणं त्याहून अवघड. समोरचा बोलत असताना मनात उत्तर जुळवू नका. त्याचं म्हणणं आधी आपल्या शब्दांत परत सांगा आणि विचारा, "असंच ना?" चुकलं तर तोच दुरुस्त करेल.

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये मांडलेली 'जोहारी खिडकी' म्हणजे स्वतःला ओळखायला मदत करणारी एक आकृती. तिचे चार चौकोन आहेत. त्यातल्या एकात आपलं असं काही असतं, जे इतरांना दिसतं, आपल्याला नाही. म्हणून जवळच्या एका माणसाला विचारा. मी नवऱ्याला विचारलं. तो हळूच म्हणाला, "चिडलीस की तू भांडी आपटतेस." मला खरंच ठाऊक नव्हतं. असं ऐकल्यावर सफाई देऊ नका. "बरं" म्हणा, आणि आठवडाभर आपल्या हातांकडे लक्ष ठेवा.