फेणीवर हलकेफुलके पद्य कसे रचावे

दारूवर कविता लिहायला बसले की बहुतेकांच्या लेखणीतून आधी साकी, मग प्याला आणि शेवटी मोडलेले हृदय उतरते. काजूची फेणी हा विषय असेल, तर हे सारे सामान आधी बाजूला ठेवावे. फेणी गोव्याच्या तावेर्नमध्ये, म्हणजे दारूच्या छोट्या गुत्त्यात मिळते, तिथे ओतून देणारा साकी नसतो, आणि तिचा उग्र वास विरहाचे गांभीर्य फार वेळ टिकू देत नाही.

पद्यातील विनोद पिणाऱ्याच्या झोकांड्यांतून नव्हे, तर पेयाच्या खऱ्या गुणांतून यावा. म्हणून लेखणी उचलण्यापूर्वी फेणी कशी होते ते नीट माहीत करून घ्यावे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेल्या काजूचे बोंड पिकून आपोआप गळाले की ते वेचतात, कोळंबीत (मासळी नव्हे, खडकात कोरलेल्या कुंडीत) पायांनी तुडवतात, रस काही दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा तो हुराक, सौम्य आणि उन्हाळ्यापुरता. तोच आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा गाळला की सुमारे बेचाळीस टक्के मद्यार्काची फेणी होते. बाटली हलवली की जो फेस येतो, त्या फेणावरूनच हे नाव पडले असे सांगतात. २००९ साली फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले, हेही विनोदाला उपयोगी आहे, कारण सरकारदरबारी प्रतिष्ठा आणि घरात नाकाला रुमाल, ही विसंगती आयती हाती लागते.

आता वृत्त. माझ्या मते विषय जितका उनाड, तितके वृत्त सोवळे असावे. मंगलाष्टकांचे शार्दूलविक्रीडित मोहक असले तरी त्याची एकोणीस अक्षरे नवख्याला दमवतात. त्यापेक्षा मनाच्या श्लोकांमुळे कानात बसलेले भुजंगप्रयात बरे. त्याच्या प्रत्येक चरणात बारा अक्षरे, म्हणजे लघु-गुरु-गुरु (ऱ्हस्व-दीर्घ-दीर्घ) असे चार गट असतात.

इथे एक गंमतीची अडचण येते. या वृत्तात सलग तीन गुरू कधीच येत नाहीत, त्यामुळे ‘फेणीचा’, ‘फेणीने’, ‘फेणीला’ हे शब्द चरणात शिरूच शकत नाहीत. ‘फेणी’ हा शब्द मात्र एखाद्या लघु अक्षराच्या पाठीवर बसून छान चालतो. तेव्हा तिला प्रत्यय लावू नये. ती कर्ता तरी असावी, नाहीतर विभक्तीचा प्रत्यय न लागलेले कर्म. हुराकाचेही तेच आहे, ‘हुराकाचा’ अडतो आणि ‘हुराकास’ सुखाने जातो. नमुना म्हणून माझ्या दोन ओळी देतो:

कपाटात फेणी जरी झाकली मी,
तरी वास घेऊन आलीच मामी.

पहिल्या ओळीत ‘कपाटात’ मधील शेवटचा ‘त’ लघु आहे, त्याच्यामागोमाग फेणीचे दोन गुरू येतात आणि गट पुरा होतो. दुसऱ्या ओळीत मामी कुठून उगवली, असे कोणी विचारले तर खरे उत्तर एवढेच की ‘मी’ला यमक हवे होते, पण वास पसरतो हे आधी सिद्ध असल्यामुळे तिचे येणे ओढूनताणून आणलेले वाटत नाही. यमकाने पात्र सुचवावे आणि पेयाच्या गुणाने त्याला आत घ्यावे, इतकी तजवीज असली की कडवे उभे राहते. अशी तीन-चार कडवी पुरेत. लिंबू, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची यांपैकी प्रत्येकाला एक ओळ देता येईल.

म्हणून दाखवताना श्लोकाच्या चालीत, गंभीर चेहऱ्याने म्हणावे. शेवटच्या शब्दापूर्वी क्षणभर थांबावे, म्हणजे यमक ऐकणाऱ्यांच्या तोंडी आधी येते. पहिला पेला भरण्यापूर्वीच म्हणणे उत्तम, कारण तिसऱ्यानंतर लघु कोणता आणि गुरू कोणता हे म्हणणाऱ्यालाच आठवत नाही.