बंगाली माणूस नेमका कुठला? बोलण्यावरून ओळखायचा जुगाड

पहिलं म्हणजे शब्दांवर जाऊ नका. पाण्याला एक जण ‘जोल’ म्हणाला, दुसरा ‘पानी’, म्हणून लगेच अलीकडचा (भारतातला) की पलीकडचा (बांगलादेशातला) ठरवायचं नाही, त्यात धर्माचाही भाग असतो (हिंदू बहुधा ‘जोल’, मुसलमान बहुधा ‘पानी’). क्रियापद पकडा. मी खातोय हे कोलकात्याकडं ‘आमी खाच्छी’, ढाक्याकडं ‘खाइतासी’ आणि सिलेटी (ईशान्य बांगलादेशातल्या सिलेटकडचा) माणूस ‘खाइराम’ म्हणतो. एवढ्या एका वाक्यात निम्मं काम होतं.

मग ‘ज’ ऐका. इथं आपल्याला फुकटचा फायदा आहे, कारण ‘जीव’ आणि ‘जर’ यातले दोन ज आपल्या कानाला लहानपणापासून वेगळे कळतात. कोलकात्याचा ज ‘जीव’मधला, पूर्वेकडं गेलात की ‘जर’मधल्यासारखा व्हायला लागतो, आणि छ चा तर सरळ स होतो. सिलेटमधे अजून पुढं, ‘पानी’चं ‘फानी’, आणि क घशात घासून येतो.

तिसरं, नकार कुठं बसतो ते बघा. कोलकात्याचा ‘आमी जाबो ना’ (मी जाणार नाही), म्हणजे आपल्यासारखाच शेवटी. चट्टग्रामचा (चितगावचा) माणूस ‘न’ आधी टाकतो, आँई न जाई. आणि गंमत म्हणजे पार वर कूचबिहार-रंगपूरकडची राजबंशी बोलीपण तेच करते. (राजबंशीला बंगालीची बोली म्हणायचं का वेगळी भाषा, हा वाद तिथल्या लोकांसमोर काढू नका, म्हणजे काढा पण वेळ हाताशी ठेवून.)

पश्चिमेला, पश्चिम बंगालमधल्या पुरुलियाकडं नाकात बोलणं वाढतं, चहाला ‘चा’ नाही ‘चाँ’.

आता खरी गोची. एवढं ओळखलं तरी देश कळत नाही. सिलेट 1874 मधे आसामला जोडलं, मग जुलै 1947 मधे सार्वमत झालं आणि ते पूर्व पाकिस्तानात गेलं, पण करीमगंजची साडेतीन ठाणी (म्हणजे तेवढ्या पोलीस ठाण्यांचा मुलूख) भारतात राहिली (जिल्ह्याचं नाव आता श्रीभूमी). म्हणून सिलेटी ऐकली तर बांगलादेशी असं धरू नका, तो आसाममधल्या सिलचर-करीमगंजचा भारतीय असू शकतो. याच सिलचरमधे 19 मे 1961 ला बंगाली भाषेच्या आंदोलनात 11 जण पोलीस गोळीबारात गेले. ढाक्याची 21 फेब्रुवारी (1952, तिथंही बंगालीसाठी गोळीबारात माणसं गेली) सगळ्यांना माहिती, ही तारीख मात्र कुणाला आठवत नाही. पुरुलियाचं उलट, ते बिहारात होतं, भाषेसाठी भांडून 1 नोव्हेंबर 1956 ला पश्चिम बंगालमधे आलं.

आणि कूचबिहारच्या बाजूचे छिटमहल, म्हणजे एका देशाच्या पोटात दुसऱ्याचे तुकडे, भारताचे 111 बांगलादेशात, त्यांचे 51 इकडं, 31 जुलै 2015 च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. माणसं बहुतेक जागेवरच राहिली, देश बदलला, बोली तीच.

त्यामुळं बोलीवरून जिल्ह्यापर्यंत पोचा. पुढं सरळ विचारा, ‘बाड़ी कोथाय?’ (घर कुठं?) आणि मग ‘देशेर बाड़ी?’ म्हणजे मूळ गाव. कित्येकदा दोन्हीची उत्तरं वेगवेगळ्या देशातली येतात.