ट्रे सुरेख, पण हात कुणी लावेना: शरदातल्या पाहुणचारात या चुका टाळा

मी हौसेने सजवलेला पहिला मोठा ट्रे अर्धा तास कुणी शिवलाच नाही. तांबूस पानं, दोन चिमुकले भोपळे, मधोमध मेणबत्ती, चीजवरून ओघळणारा द्राक्षांचा आख्खा घोस. येणारा प्रत्येक जण "अरे वा!" म्हणायचा, फोटो काढायचा आणि पुढे सरकायचा. शेवटी एका मैत्रिणीने धीर करून दोन द्राक्षं ओढली. दोन कसली, सगळा घोसच वर आला, त्याच्या धक्क्याने क्रॅकरची चळत कोसळली आणि मेणबत्ती कलंडता कलंडता राहिली. रात्री आवराआवर करताना लक्षात आलं, की मी ट्रे बघणाऱ्यासाठी मांडला होता. घेणाऱ्याचा हात कुठून येणार, हे डोक्यातच नव्हतं. त्यानंतर केलेल्या आणि इतरांच्या टेबलावर पाहिलेल्या बहुतेक चुकांचं मूळ मला तिथेच सापडलं.

हाताला वाटच नाही

बोटभरही जागा दिसू नये इतका गच्च ट्रे फोटोत भरगच्च वाटतो. प्रत्यक्षात एक अक्रोड उचलायला गेलं की शेजारची तीन फळं घरंगळतात. आधी रिकाम्या वाट्या ठेवा, मग चीज, मग मोठी फळं, त्यानंतर पाव, आणि शेवटी सुकामेवा; क्रॅकरची जागा फक्त राखून ठेवा. मधल्या फटी भरायच्या, पण सगळ्या नाही. प्रत्येक चीजभोवती सुरी फिरेल एवढी मोकळी जागा हवीच, नाहीतर लोक चीज उचलून शेजारच्या ताटलीत कापतात आणि ते परत ठेवायचं कसं या विचारात पडतात.

द्राक्षांचा घोस कात्रीने चार-पाच मण्यांच्या झुबक्यांत तोडून ठेवा. झुबका सहज उचलता येतो, आणि उघडे देठ ट्रेवर उरत नाहीत.

आणखी एक गंमत मी पुन्हा पुन्हा पाहिली आहे: अखंड वस्तू मोडायचा मान कुणालाच नको असतो. चीजची गोल चकती अख्खी ठेवलीत तर ती अख्खीच राहील. म्हणून पाहुणे येण्याआधी आपणच एक फोड कापून बाजूला काढून ठेवायची, पाव असेल तर दोन काप करून ठेवायचे. सुरी त्या कापाशी टेकवून ठेवली की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. सुऱ्याही मोजून ठेवा. मऊ, वासाच्या चीजची आणि कडक चीजची सुरी एकच असेल तर तासाभरात दोन्हींची चव एकच होते.

ट्रे भिंतीला लागून असेल तर उंच वस्तू मागे, बुटक्या पुढे. टेबलाच्या मधोमध असेल तर उंची मध्यभागी, आणि तीही पाणी प्यायच्या ग्लासापेक्षा जास्त नको. पलीकडच्या माणसाचा चेहरा दिसला पाहिजे.

तपकिरीवर तपकिरी

हा खास या ऋतूचा सापळा. लाकडी ट्रे, त्यावर खरपूस पाव, त्याशेजारी अक्रोड, खारीक, पिवळट चीज आणि सुकी पानं. दिवसा स्वयंपाकघरात हे सगळं उबदार वाटतं. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली ट्रे मातीच्या ढेकळासारखा दिसतो, कुठे काय आहे कळत नाही. मोबाइलवर ट्रेचा कृष्णधवल फोटो काढून बघा. सगळं एकाच करड्या छटेत दिसलं तर फार काही नको, दोन गोष्टी घाला: एक पांढरी आणि एक गडद. पांढरं मऊ चीज किंवा पांढरी वाटी, आणि काळी द्राक्षं किंवा अंजीर. हिरव्यासाठी रोझमेरीची एखादी काडी पुरते.

ट्रेचा रंगच आडवा येत असेल तर खाली जाड कागद किंवा सुती कापड अंथरा. मात्र कापड काठाबाहेर लोंबकळू देऊ नका. ट्रे उचलताना कोपरात अडकतं.

बागेतून उचललं आणि ट्रेवर ठेवलं

ही चूक बाकीच्या चुकांसारखी हसून सोडून देण्याजोगी नाही. शरदात झाडंझुडपं इतक्या रंगांची फळं, बिया आणि शेंगा धरतात, की चार डहाळ्या तोडून चीजशेजारी खोचायचा मोह होतोच. पण ट्रेवर जे आहे ते खाण्याचंच आहे असं पाहुणा धरून चालतो, आणि त्याचं चुकत नाही.

कण्हेरीचं पान, फूल, काडी, सगळंच विषारी असतं. लाल-काळी गुंज दिसायला मोहक, पण तिच्यात अब्रिन हे जहाल विष असतं. एरंडाच्या ठिपकेदार बियांमध्ये रायसिन. थंड प्रदेशात वाढणाऱ्या यू या झाडाच्या लाल फळाच्या आतली बी आणि त्याची पानं जिवावर बेततात. शरदात उमलणारं फिकट जांभळं कोल्चिकम दिसायला केशराच्या फुलाचा जुळा भाऊ, पण त्यात कोल्चिसिन हे विष असतं. ज्या झाडाची ओळख शंभर टक्के पटलेली नाही, त्याचा तुकडाही ट्रेवर नको. आणि "धुऊन ठेवलं आहे" हे विषावर उत्तर नाही.

झाड निरुपद्रवी असलं तरी फुलवाल्याकडची फुलं खाण्यासाठी वाढवलेली नसतात. त्यांच्यावर कीटकनाशक मारलेलं असू शकतं. जमिनीवरून वेचलेल्या पानांवर धूळ, बुरशी, पाखरांची विष्ठा असते. शिवाय वाळलेलं पान हात लागला की चुरा होऊन थेट मऊ चीजवर पडतं, आणि तो चुरा वेचून काढता येत नाही.

मग रंग कुठून आणायचा? खाण्याच्याच वस्तूंमधून. रोझमेरी, थाईम, सेज, तमालपत्र, दालचिनीची कांडी, अर्धं चिरलेलं डाळिंब, देठासकट नाशपाती. रंगीत पानं हवीच असतील तर ती ट्रेच्या बाहेर, टेबलावर पसरा. हिरवं हरितद्रव्य मोडलं की पानात आधीपासून असलेला पिवळा-केशरी रंग वर येतो आणि काही झाडं त्यात लाल रंग नव्याने तयार करतात. पण तोडलेलं पान एका दिवसात वळतं. एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग पाणी यांच्या मिश्रणात पानं बुडतील अशी तीन-चार दिवस ठेवली की ती लवचिक राहतात. रंग थोडा गडद होतो, पण चुरा पडत नाही. ही पानंसुद्धा खाण्याला टेकता कामा नयेत.

शोभेचे छोटे भोपळे ठेवायला हरकत नाही, मात्र ते सूपमध्ये टाकायचा विचार करू नका. काहींमध्ये कडू द्रव्य इतकं असतं की पोट बिघडतं. सोनेरी रंग फवारलेले अक्रोड आणि चमकी लावलेली फळं खाण्याच्या अक्रोडांशेजारी कधीच नकोत. पाकिटावर 'बिनविषारी' लिहिलं आहे म्हणजे ती चमकी खाण्याची झाली असं नाही.

ओलं आणि कोरडं एकत्र

क्रॅकर मऊ पडले, अशी तक्रार बहुतेक जण हवेबद्दल करतात. दोष अनेकदा शेजाऱ्याचा असतो. चिरलेलं फळ, ऑलिव्ह, मऊ चीज यांचा ओलावा कोरडा क्रॅकर शोषून घेतो. ओलं ते वाटीत, कोरडं ते ट्रेवर, आणि क्रॅकर अगदी शेवटच्या दहा मिनिटांत मांडायचे. मऊ झालेच तर १५० अंश सेल्सियसच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवा आणि पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ते मऊच लागतात, त्यामुळे घाई करून चव बघू नका. भाजलेला सुकामेवाही कोमट असताना वाटीत भरला की वाफ धरून लिबलिबीत होतो.

सफरचंद चिरलं की काळवंडतं, कारण सुरीने फुटलेल्या पेशींमधलं एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनशी भिडतं. लिंबाचा रस चालतो, पण चव आंबट होते. मला मिठाचं पाणी आवडतं: एक कप पाण्यात अर्धा चमचा मीठ, फोडी त्यात दहा मिनिटं, मग साध्या पाण्याने धुऊन नीट पुसायच्या. न पुसता ठेवल्या तर वर सांगितलेली क्रॅकरची गत ठरलेलीच.

डाळिंबाचे दाणे चीजवर भुरभुरले की छान दिसतात. पंधरा मिनिटं. मग पांढऱ्या चीजवर गुलाबी ओघळ येतात आणि ट्रे अपघातस्थळासारखा दिसू लागतो.

कच्चं फळ

फळ आदल्या दिवशी आणलं की झालं, असं नसतं. नाशपाती झाडावरून उतरवल्यावर पिकते आणि आतून बाहेर पिकते. पोट मऊ लागेपर्यंत थांबलात तर गाभा गळून गेलेला असतो. देठाजवळ मानेला हलकं दाबून बघायचं; तिथे किंचित दबली की ती तयार आहे. म्हणून तीन-चार दिवस आधी आणावी. द्राक्षं आणि अंजीर मात्र तोडल्यावर गोड होत नाहीत. आंबट आणलीत तर आंबटच राहतात, तेव्हा एक मणी चाखूनच घ्या. पर्सिमॉन (टोमॅटोसारखं दिसणारं केशरी फळ) आणणार असाल तर जात विचारा. टोकदार हाचिया जेलीसारखा मऊ होईपर्यंत इतका तुरट असतो की तोंडाला मिठी बसते. चपटा फुयू कडक असतानाच काप करून ठेवता येतो.

वेळ आणि तापमान

फ्रिजमधून काढलेलं चीज लगेच मांडलं तर त्याला चव नसते, रबर चावल्यासारखं लागतं. त्यातली चरबी थंडीने घट्ट असते आणि वास अडकून बसतो. अर्धा ते एक तास आधी बाहेर काढा, वरून झाकून. उलट टोकाची चूक म्हणजे दुपारी मांडलेला ट्रे रात्रीपर्यंत तसाच ठेवणं. मऊ चीज, मांसाचे काप, चिरलेली फळं, दह्याचे किंवा क्रीमचे डिप हे खोलीच्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त नकोत. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. कारण साधं आहे: ५ ते ६० अंशांच्या दरम्यान जिवाणू भराभर वाढतात. मी पहिला ट्रे ठेवते तेव्हा मोबाइलवर गजर लावते. सगळ्यांना हसू येतं.

जुन्यावर नवं घालणं टाळा. वाटीतलं डिप अर्धं झालं की वरून ताजं ओतलं जातं आणि तळाचं जुनं रात्रभर तिथेच राहतं. छोट्या वाट्या भरा, संपली की उचला, दुसरी ठेवा.

ट्रे खिडकीच्या उन्हात किंवा हीटरशेजारी असेल तर कडक चीजलाही घाम फुटतो. तो पाण्याचा नसून तेलाचा असतो. बिघडलेलं नाही, पण दिसायला कळकट. कागदाने टिपून घ्या आणि जागा बदला.

ट्रे कशाचा आहे

तांब्याचं किंवा पितळेचं तबक फार देखणं, पण कल्हई नसेल तर आंबट पदार्थ त्यावर थेट ठेवू नका. लिंबू, लोणच्यासारखे आंबवलेले पदार्थ, दही यांनी धातू अन्नात उतरतो. पदार्थ काचेच्या वाटीत, वाटी तबकात. जुन्या, हाताने रंगवलेल्या चिनी मातीच्या ताटांच्या झिलईत शिसं असू शकतं. मागे 'केवळ शोभेसाठी' असं लिहिलेलं असेल तर त्याचं ऐका. लाकडी ट्रेला ओल लागू देऊ नका. भिजत घातला की तो वाकतो आणि मग टेबलावर डुगडुगतो.

आणि जड वाट्या मांडल्या की ट्रे एकदा उचलून बघा, सगळं सजवून झाल्यावर नव्हे, त्याआधी. जड वाट्या एकाच बाजूला असतील तर दारातून वळताना कळेल, तेव्हा उशीर झालेला असेल.

वास, मुलं आणि ज्यांना चालत नाही ते

दालचिनी-व्हॅनिलाची सुगंधी मेणबत्ती ट्रेशेजारी लावली की सगळं दालचिनीचंच लागतं, कारण चवीचा मोठा भाग नाकातून येतो. बिनवासाची लावा, आणि वाळक्या पानांपासून लांब.

लहान मुलं येणार असतील तर आख्खी द्राक्षं आणि आख्खा सुकामेवा खालच्या टेबलावर नको, घशात अडकतो. द्राक्षं उभी चार तुकड्यांत चिरा. एक वर्षाखालच्या बाळाला मध चाटवू नये, कुणी कितीही कौतुकाने बोट पुढे केलं तरी.

सुकामेव्याची अॅलर्जी असलेला पाहुणा असेल तर त्याच्यासाठी ट्रेचा कोपरा राखून भागत नाही. सुरी फिरते, चुरा उडतो. वेगळी ताटली, वेगळी सुरी, आणि ती सगळ्यात आधी भरायची.

मांडून झालं आणि काहीतरी चुकलंय

ट्रे रिकामा वाटतोय? नवीन पदार्थ शोधू नका, छोटा ट्रे घ्या. फार भरलाय? एक पूर्ण प्रकार काढून टाका. सगळ्यातलं थोडं थोडं कमी केलं तर पसारा तसाच राहतो. वस्तू घरंगळताहेत? खाली ओलसर पिळलेलं पातळ कापड, वर कोरडा कागद.

आणि तासाभराने ट्रे अर्धा उरेल, तेव्हा तो लुटल्यासारखा दिसेल. कुणाला शेवटचा तुकडा घ्यायचा नसतो, म्हणून तो तसाच वाळत बसतो. त्यासाठी स्वयंपाकघरात एक लहान ताटली आधीच पुसून ठेवा. उरलेलं तिच्यात हलवा, दोन ताजे क्रॅकर शेजारी टाका आणि मोठा ट्रे उचलून न्या. माझ्या घरी ती लहान ताटली मोठ्या ट्रेपेक्षा लवकर संपते.