सरकारी व्यापार धोरणातील इंटर्नशिप : अर्जाआधीची तयारी

अर्थशास्त्र, विधी, कृषी-व्यवसाय किंवा सार्वजनिक धोरण या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेणारे अनेक विद्यार्थी केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्यात इंटर्नशिप मिळावी म्हणून अर्ज करतात. बहुतेकांच्या अर्जात ‘आंतरराष्ट्रीय व्यापारात मला विशेष रस आहे’ असे वाक्य असते. या वाक्यावरून अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. एखाद्या वस्तूचा व्यापार प्रत्यक्षात कोणत्या नियमांनी चालतो, हे शोधून नेमकेपणाने लिहिता येते, असा पुरावा मात्र त्याला लगेच दिसतो. म्हणून अर्ज भरण्याआधी महिनाभर हाताशी ठेवून एका वस्तूवर दोन पानी टिपण तयार करावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

त्याआधी कोणते कार्यालय काय करते, हे समजून घ्यायला हवे. नवी दिल्लीतील वाणिज्य भवनात असलेला वाणिज्य विभाग व्यापार करारांच्या वाटाघाटी करतो आणि जागतिक व्यापार संघटनेत (डब्ल्यूटीओ) देशाची भूमिका मांडतो. विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे बोलण्यातले ‘डीजीएफटी’, १९९२च्या विदेश व्यापार कायद्याखाली आयात-निर्यातीवरील बंधने, परवाने आणि प्रोत्साहन योजना पाहते. परदेशी माल अयोग्यरीत्या स्वस्तात येत असल्याच्या, म्हणजे ‘डंपिंग’च्या, तक्रारींची चौकशी व्यापार उपचार महासंचालनालय करते. हे कार्यालय २०१८मध्ये आधीच्या अँटी-डंपिंग महासंचालनालयातून आकाराला आले. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेडमध्ये १९९९पासून डब्ल्यूटीओ अभ्यास केंद्र आहे, आणि विधीच्या विद्यार्थ्यांनी तिथल्याच व्यापार व गुंतवणूक कायदा केंद्राचा विचार अवश्य करावा. पात्रता, कालावधी आणि मानधन प्रत्येक ठिकाणी वेगळे असते व बदलतही राहते, त्यामुळे त्या त्या संकेतस्थळावरील चालू नियमावलीच प्रमाण मानावी.

आता टिपणाकडे वळू. वस्तू अशी निवडावी, जिची बाजारपेठ तुम्हाला जवळून माहीत आहे. नाशिक, सांगली, रत्नागिरी किंवा इचलकरंजीकडच्या विद्यार्थ्याला इथे मोठी सोय आहे, कारण द्राक्ष, बेदाणा, हापूस किंवा कापडाच्या व्यवहारातले बारकावे त्याला दिल्लीतल्या पुस्तकी अभ्यासकापेक्षा आधीच ठाऊक असतात. उदाहरणादाखल कांदा घ्या. पहिले काम त्याचा शुल्क-संकेतांक, म्हणजे सीमाशुल्कासाठी वस्तूला दिलेला क्रमांक, शोधण्याचे : कांदा ०७०३१० या सहा अंकी संकेतांकाखाली येतो, हे सहा अंक बहुतेक सर्व देशांत समान असतात आणि त्यापुढचे दोन अंक भारताने आपल्या सोयीने जोडलेले असतात. दुसरे काम अधिसूचना कालक्रमाने लावण्याचे. ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क आले, ऑक्टोबरअखेर ते उठवून टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य (ज्याहून कमी दराने माल बाहेर पाठवता येत नाही) ठरले, ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी लागू झाली. मे २०२४मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य ठरले आणि ४० टक्के शुल्क पुन्हा लागू झाले. सप्टेंबरमध्ये किमान मूल्य गेले व शुल्क २० टक्क्यांवर आले. आणि १ एप्रिल २०२५पासून तेही रद्द झाले.

ही मालिका नीट पाहिली की एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. बंदी आणि किमान मूल्य यांच्या अधिसूचना डीजीएफटीच्या, तर निर्यातशुल्काच्या अधिसूचना अर्थ मंत्रालयाच्या आहेत. लासलगावच्या शेतकऱ्याच्या हाती येणारा भाव अशा रीतीने दोन मंत्रालयांच्या निर्णयांवर अवलंबून असतो, आणि हा भेद ज्या टिपणात स्पष्टपणे आला आहे, ते टिपण लिहिणाऱ्याने मूळ कागद वाचले आहेत हे अधिकाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. वर्तमानपत्रातील बातमीवर विसंबलेल्या टिपणात नेमका हाच भेद हरवलेला असतो.

आकडेवारी वापरताना तीन ठिकाणी विशेष सावध राहावे. वाणिज्य विभागाच्या संकेतस्थळावरील आकडे सहसा एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षाचे असतात, तर संयुक्त राष्ट्रांच्या ‘कॉमट्रेड’ या व्यापार-आकडेवारीच्या संग्रहात बहुधा कॅलेंडर वर्ष असते. दोन्ही एका तक्त्यात मिसळू नयेत. मूल्य वाढले म्हणजे माल जास्त गेला असे नव्हे, म्हणून टनांचा आकडाही द्यावा. शिवाय आपली निर्यात बंदरावरच्या मूल्याने मोजली जाते आणि घेणाऱ्या देशाची आयात बहुधा वाहतूक व विमा धरून, त्यामुळे दोन्हीकडचे आकडे जुळत नाहीत. तो फरक लपवू नये, एका ओळीत समजावून सांगावा.

व्यापार उपचार महासंचालनालयात जायचे असेल, तर त्यांचा एखादा अंतिम निष्कर्ष अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचावा. वस्तूची व्याख्या, देशी उद्योग, डंपिंगचे प्रमाण, झालेली हानी आणि या दोहोंतला कार्यकारणसंबंध अशा टप्प्यांनी तो पुढे सरकतो. हे कार्यालय केवळ शिफारस करते, शुल्क लावण्याचा निर्णय अर्थ मंत्रालयाचा असतो, हेही मुलाखतीत स्वच्छ सांगता आले पाहिजे.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो. महाविद्यालयाचे ना हरकत पत्र आणि मार्गदर्शक प्राध्यापकांचे शिफारसपत्र यांना अपेक्षेपेक्षा जास्त दिवस लागतात, तेव्हा ती कामे आधी उरकावीत. मानधन असले तरी दिल्लीतील राहण्याचा खर्च त्यातून भागेल असे गृहीत धरू नये. घरच्यांशी याविषयी मोकळेपणाने बोलून मगच तारखा कळवाव्यात.

रुजू झाल्यावर सुरुवातीचे काम बहुधा तक्ते जुळवणे, जुन्या बैठकांचे सार काढणे आणि इतर देशांच्या शुल्कांची तुलना करणे असे असते. ते दुय्यम समजू नये, कारण वाटाघाटीच्या टेबलावर चुकलेल्या एका शुल्क-ओळीची, म्हणजे एका संकेतांकापुढच्या शुल्काच्या नोंदीची, किंमत एखादा संपूर्ण उद्योग मोजतो. प्रत्येक आकड्याशेजारी तो कुठून आणि कोणत्या तारखेला घेतला, हे लिहिण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. वाटाघाटीतील देकार किंवा चौकशीत कंपन्यांनी दिलेली खर्चाची माहिती गोपनीय असते; ती मित्रांशी बोलतानाही उच्चारू नये आणि स्वतःच्या लॅपटॉपवर घेऊ नये. इंटर्नशिप संपताना आपण केलेल्या कामापैकी कोणता भाग प्रबंधात किंवा पुढच्या अर्जासोबत वापरता येईल, हे अधिकाऱ्यांना लेखी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत त्यातले काहीही कुणाला पाठवू नये.