दूध बंद केलं तरी पोट बिघडतंय? शोधताना या चुका टाळा

आमच्याकडे फोंड्याला कुणाचंही पोट बिघडलं की पहिलं वाक्य ठरलेलं, दूध बंद कर. दुसरं वाक्य, त्या पाकिटातल्या वस्तू खाऊ नको, सगळं केमिकल असतं. मी दोन्ही ऐकलं, दीड वर्ष दुधाला हात लावला नाही आणि तरी पणजीच्या बसमध्ये पोट गुडगुडायचं ते गुडगुडायचंच. सकाळी ऑफिसला जाताना पोटाचा भरवसा नसणं काय असतं ते ज्याला झालंय त्यालाच कळतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सगळं एकदम बंद करणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि मीही तीच केली. चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या दिवसांत पोट बिघडलं म्हणून दूध बंद, त्याच आठवड्यात बाहेरची पातळ भाजी बंद, बिस्किटं बंद, आईस्क्रीम बंद. आठ दिवसांत बरं वाटलं आणि मी खूण मारली दुधावर. का? तर सगळे तसंच म्हणत होते म्हणून. खरं तर त्या आठ दिवसांत मी चार गोष्टी सोडल्या होत्या, त्यातली कुठली गुन्हेगार ते कळायला काही मार्गच ठेवला नव्हता. मग हळूहळू पातळ भाजी-पाव परत सुरू झाला, दूध मात्र बंदच, आणि त्रास परत आला तेव्हा मी म्हटलं चहात कुठेतरी दुधाचा थेंब गेला असेल.

एका वेळी एकच गोष्ट सोडा. बाकी जेवण रोजचंच ठेवा, दोन आठवडे द्या आणि वहीत लिहा काय खाल्लं, किती खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता. चवथ, जत्रा, लग्नसराई, असल्या दिवसांत ही टेस्ट सुरूच करू नका, त्या दिवसांत जेवणाचा काही हिशोब राहत नाही.

सोडून बरं वाटलं म्हणजे सापडलं असं समजणं

नाही हो. सोडून बरं वाटणं हा अर्धाच पुरावा. परत खाल्ल्यावर त्रास झाला तरच उरलेला अर्धा मिळतो, आणि नेमकी हीच पायरी सगळे गाळतात कारण बरं वाटत असताना परत कोण उठून त्रास ओढवून घेणार. पण ती केलीच पाहिजे. सकाळी रिकाम्या पोटी साधं दूध, साखर नाही, बोर्नव्हिटा नाही, आधी अर्धा ग्लास. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पूर्ण ग्लास. लॅक्टोजचा, म्हणजे दुधातल्या साखरेचा त्रास असेल तर साधारण अर्ध्या तासापासून दोन तासांत पोट फुगतं, गॅस, मुरडा, जुलाब. कारण लॅक्टोज पचवणारं लॅक्टेज हे एन्झाइम लहान आतड्यात कमी पडतं, मग ती साखर न पचता मोठ्या आतड्यात जाते, पाणी ओढते आणि तिथले जिवाणू तिचा गॅस करतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. दूध प्यायल्यावर ओठ सुजणं, अंगावर गांधी उठणं, श्वास लागणं असं कधीही झालं असेल तर हा प्रयोग घरी अजिबात करायचा नाही. ती दुधाच्या प्रोटीनची ॲलर्जी असू शकते, तो वेगळाच विषय आणि धोक्याचा.

दूध, दही, तूप सगळं एका माळेत ओवणं

२०० मिलीच्या ग्लासात साधारण १० ग्रॅम लॅक्टोज असतं. चहात दूध पडतं ते जेमतेम ५० मिली, म्हणजे अडीच ग्रॅम. लॅक्टेज कमी असलेल्या बऱ्याच माणसांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत, तेही जेवणासोबत, फारसा त्रास होत नाही. तुपात लॅक्टोज जवळजवळ नसतंच. दह्यातलं काही लॅक्टोज विरजण खाऊन टाकतं आणि उरलेलं पचवायला तेच जिवाणू मदत करतात. उलट दूध पावडर बघा, स्किम्ड पावडरीत निम्मं वजन लॅक्टोजचं. मिठाईचा खवा, आईस्क्रीम, मिल्कशेक इथे डोस भरभर चढतो. म्हणजे तूप सोडून मिल्क पावडरची मिठाई खाणारी माणसं आहेत आपल्यात आणि ती मनापासून समजतात की आपण पथ्य करतोय.

माझं काय निघालं, तर चहा चालतो, ताक चालतं, एक पूर्ण ग्लास दूध नाही चालत. बस एवढंच.

शंका उरली तर लॅक्टोज-फ्री दूध आणून बघा. ते खरंखुरं दूधच असतं, फक्त लॅक्टोज आधीच फोडलेलं, म्हणून जरा गोड लागतं. त्यानेही त्रास झाला तर कारण लॅक्टोज नाही, दुसरीकडे बघा. डॉक्टर हायड्रोजन ब्रेथ टेस्टही सांगतात, म्हणजे लॅक्टोज पाजून श्वासातला हायड्रोजन मोजतात, पण तिच्यात २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाजतात, ५० ग्रॅम म्हणजे लिटरभर दुधाचं, त्यामुळे ती पॉझिटिव्ह आली म्हणून चहा तोडायची गरज नाही.

पाकिटावरच्या प्रत्येक नंबरला घाबरणं

आयएनएस नंबर, म्हणजे पदार्थात वरून घातलेल्या ॲडिटिव्हचा पाकिटावरचा कोड, दिसला की विष, असं नाही. पण काही नंबर लक्षात ठेवा, ४२० सॉर्बिटॉल, ४२१ मॅनिटॉल, ९६५ माल्टिटॉल. ह्या शुगर-फ्री गोळ्या, च्युइंगगम, डायबेटिक चॉकलेट-बिस्किटात असतात आणि लॅक्टोजसारख्याच मोठ्या आतड्यात जाऊन तोच गोंधळ करतात. सॉर्बिटॉल १० ग्रॅमच्या आसपास पोटात गेलं तरी खूप जणांना गॅस होतो, २० च्या वर जुलाब. मला बस लागते म्हणून मी रोज जाता-येता शुगर-फ्री मिंट चघळायचे, आईसाठी आणलेलं पाकीट असायचं घरात. उलटून बघितलं तर ४२०. दीड वर्ष मी दुधाला शिव्या देत होते आणि ती गोळी तोंडात होती! गोळी सोडली, आठवड्यात फरक. दहा दिवसांनी मुद्दाम परत घेतली, पोट त्याच संध्याकाळी बोललं.

आणि जे ॲडिटिव्ह वाटतं ते कधीकधी खुद्द पदार्थच असतो. २०२४ च्या सुरुवातीला म्हापसा पालिकेने गोबी मंच्युरियनवर बंदी घातली तेव्हा सगळीकडे रंगाची चर्चा, आणि ती रास्तच, नको ते रंग जेवणात नकोतच. पण त्या प्लेटने पोट फुगत असेल तर फ्लॉवरमध्ये मॅनिटॉल नैसर्गिकच असतं, वर भरपूर लसूण, कांदा आणि तेल. घरी रंग आणि अजिनोमोटो न घालता करून बघा, तरी फुगलं तर उत्तर मिळालं. पावाचंही तसंच. पाकिटातल्या ब्रेडने त्रास होतो म्हणून प्रिझर्व्हेटिव्हवर आळ घेण्याआधी आठवडाभर पदेराचा, म्हणजे आमच्याकडच्या पाववाल्याचा पाव खा, त्याच्या पावात सहसा पीठ, मीठ, साखर, यीस्ट एवढंच. दोन्हींनी सारखाच त्रास झाला तर गहूच बघायला हवा. माझ्या बाबतीत पातळ भाजीतले वाटाणे आणि कांदाही निघाले, पण अर्धी वाटी असेल तर निभतं.

गव्हाचा संशय आला तर डॉक्टरांना भेटण्याआधी गहू सोडू नका, सिलिॲकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) रक्त तपासणी गहू चालू असतानाच बरोबर येते. संडासातून रक्त, वजन उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, ताप, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेला त्रास, ह्यात वही-प्रयोग काही करत बसू नका, सरळ डॉक्टर. आणि नुकतीच जुलाबाची साथ होऊन गेली असेल तर काही आठवडे दूध तसंही सोसत नाही, ते आपोआप सुधारतं, तेव्हा जन्माचा निकाल लावायचा नाही.

दूध खरंच सोडावं लागलं तर कॅल्शियमचं बघा. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३५० मिलीग्रॅम असतं, आणि तारली मासे काट्यासकट खाल्ली तर फारच छान.

गोळ्या विसरणं

हे आईचं. तिलाही दोन वर्षं लूज मोशन, तिनेही दूध सोडलेलं. वही लिहायला घेतली तेव्हा मी सहज औषधांचा रकाना केला आणि दिसलं की त्रास सुरू झाला तो मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी सुरू झाली त्याच महिन्यात. ह्या गोळीने पोट बिघडणं अगदी कॉमन आहे. आम्ही स्वतः काही बंद केलं नाही, वही घेऊन डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी जेवणानंतर घ्यायची सावकाश विरघळणारी गोळी दिली. तीन आठवड्यांनी आईने पहिल्यांदा हळद घालून अर्धा कप दूध घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं तर म्हणाली, काय्येक झालं नाही गो.